बारा ते एक

बारामती,
बुधवार, २८ मे

प्रिय तात्या,

सप्रेम जयभीम.

'तीर्थरूप' आणि 'साष्टांग नमस्कार' तुम्ही मी दुसरीत असतानाच आपल्या घरातून हद्दपार केलंत, त्यामुळे 'प्रिय' लिहायला हात अडखळत नाही. अडखळतोय तो पुढचं लिहायला. आठ दिवस झाले, दुकानातल्या बिलबुकाच्या कोऱ्या बाजूवर चार-चार ओळी लिहितेय आणि फाडतेय. आज मात्र पुरं करायचंच असं ठरवून बसलेय. संघपाल म्हणाला, एवढं काय लिहायचंय, फोन कर की. आता नवऱ्याला काय सांगू, की तात्यांचा आवाज कानावर पडला की माझ्या तोंडातून 'हो'शिवाय दुसरं काही निघतच नाही म्हणून! उद्या तो कैऱ्या घेऊन कळसला येतोय, त्याच्याच हाती हे देतेय. वाचताना लाल पेन तेवढं बाजूला ठेवा. होस्टेलवरून लिहिलेली माझी पत्रं तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवायचात, आणि खोलीतल्या पोरी ती भिंतीला चिकटवायच्या. यात चुका असतील तर असू द्या.

लिहायचंय ते रविवारबद्दल. तुमच्या पिढीतल्या निम्म्या गुरुजींचा वाढदिवस एक जूनलाच कसा येतो ते मला ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली तारीख. पण तारीख खोटी असली तरी पंचाहत्तर वर्षं खरी आहेत, आणि कळसनं तुमचा अमृतमहोत्सव करायचा घाट घातलाय याचा मला आनंदच आहे. दादासाहेबानं फ्लेक्सचा फोटो पाठवला. तुमचा हा विद्यार्थी गणितात कच्चा होता म्हणता, फ्लेक्स छापायला मात्र एकदम पक्का निघाला. वर तुम्ही, खाली एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी दहा वर्षांची मोना, आणि मध्ये लाल अक्षरांत 'भयमुक्तीचा वारसा! आई बसली, आता लेक बसणार!' गेल्या मंगळवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "रश्मे, त्याच चिंचंखाली मोनीला बसवू. बारा ते एक. दादासाहेब ड्रोन आणतोय, सगळ्या तालुक्याला दिसंल." मोनाला तर तुम्ही आधीच परस्पर विचारलं होतंत आणि ती टुणकन हो म्हणाली होती. मीही म्हणाले, हो तात्या. फोन ठेवला आणि तिथंच काउंटरमागं खाली बसले. समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याला वाटलं, खालच्या कप्प्यातलं औषध काढतेय.

ती गोष्ट तुमच्या तोंडून मी किती वेळा ऐकली असेल? शिबिरं, जयंत्या, शाळेची गॅदरिंग. अहो, माझ्या लग्नातसुद्धा विधी उरकल्याबरोबर माईक हातात घेऊन तुम्ही पाव्हण्यांना ती ऐकवलीत. एकतीस वर्षांपूर्वीचा वैशाख. मी नऊ वर्षांची. आई बाळंतपणाला अंथुर्ण्याला माहेरी गेलेली. आपल्या शेजारची नवी सून सारजा पाणी आणायला गेली आणि ओढ्याकडच्या पडक्या विहिरीपाशी, चिंचेखाली, भर बाराला चक्कर येऊन पडली. झालं! त्या विहिरीत पूर्वी एक बाळंतीण गेली होती, तिनंच हिला धरली, असं वस्तीनं ठरवून टाकलं. सारजाच्या सासऱ्यानं देवरुषी आणला. त्यानं तिचे हात रुमालानं बांधले आणि "बोल, कोन हाईस तू" म्हणत ओल्या फोकानं झोडायला लागला. तिचं ओरडणं ऐकून तुम्ही शाळेतून धावत आलात, फोक हिसकावलात आणि गुडघ्यावर मोडलात. मी ओट्याआडून बघत होते. ज्या वस्तीनं छप्पन सालानंतर घरातले देव नदीत सोडले, तिच्याच दारात देवरुषी यावा, या संतापानं तुमचा आवाज फाटला होता. तो म्हणाला, "गुर्जी, एवढी खात्री हाय तर बसा की तितं उद्या बारा वाजता." तुम्ही म्हणालात, "मी बसलो तर म्हनशील गुरुजीला मंतर येतो. माझी पोटची पोर बसंल. तिला काय झालं न्हाय तर या बाईच्या अंगाला पुन्हा हात लावायचा न्हाय."

इथपर्यंत तुमची आणि माझी गोष्ट एकच आहे. पुढची तुमची गोष्ट दोनच वाक्यांची. पोरगी तासभर बसली आणि हसत परत आली. माझ्या पोरीला भीती ठाऊकच न्हाय. की टाळ्या. माझी त्या तासाची गोष्ट मात्र मी तुम्हाला कधी सांगितली नाही. ती आता सांगते, कारण त्याशिवाय रविवारचं बोलता येणार नाही.

तुम्ही माझ्या मनगटाला तुमचं घड्याळ बांधलंत, ते कोपरापर्यंत घसरत होतं. हात धरून चिंचेपर्यंत नेलंत, विहिरीच्या काठच्या दगडावर वस्तीकडं तोंड करून बसवलंत आणि बजावलंत, "मागं वळून बघायचं न्हाय. वळलीस की लोक म्हनतील मागं कायतरी हाय." मग तुम्ही निघून गेलात. तुमची पाठ लहान लहान होत गेली. वस्तीच्या कडेला तीन-चारशे माणसं जमली होती, पण तिथून कुणाचं तोंड दिसत नव्हतं. विहीर माझ्या पाठीशी. पहिली दहा मिनिटं मी पाढे म्हटले. सतराच्या पाढ्याला विहिरीतून फडफड आली. पारवे होते, तात्या. मला माहीत होतं ते पारवे आहेत, आदल्याच आठवड्यात आम्ही पोरींनी खडे मारून ते उडवले होते. पण माहीत असून काही उपयोग झाला नाही. मग पारवे गप्प झाले, आणि ते गप्प झाल्यावर खरी भीती आली. माझ्या मागं कुणीतरी बसलंय. बोलत नाही, हात लावत नाही, नुसतं बसलंय, माझी मान कधी वळते याची वाट बघत.  श्वास छातीच्या खाली उतरेना. पाय माझे वाटेनात. घड्याळात बारा पस्तीस झाले होते.

मी पळाले का नाही? खूप वर्षं मी मला सांगत आले, सारजावहिनीसाठी. मी पळाले असते तर तिचे हात पुन्हा बांधले असते. हे खरं आहे, पण सगळं खरं नाही. मला तुमचा पडलेला चेहरा बघायचा नव्हता, एवढंच. बारा पंचेचाळीसला माझा फ्रॉक ओला झाला. दगड उन्हानं लगेच सुकला, फ्रॉक सुकेना. उरलेली पंधरा मिनिटं मी त्या मागच्या बाईला भीत नव्हते. लोकांना दिसेल, तुम्हाला दिसेल, याला भीत होते. ती भीती जास्त वाईट होती. एकला तुम्ही शिट्टी वाजवलीत आणि मी उठून हसायला लागले. ते हसू कुठून आलं मला माहीत नाही. सगळ्यांच्या आधी सारजावहिनी पळत आली. तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं, आणि हातातली भरली कळशी माझ्या डोक्यावर ओतली. "उन्हानं तापलीय पोर," म्हणाली. लोक हसले. मग तुम्ही मला, त्या नखशिखांत ओल्या पोरीला, खांद्यावर घेऊन वस्तीभर मिरवलंत.

त्यानंतर सारजावहिनीला कुणी हात लावला नाही, आणि तो देवरुषी पुन्हा वस्तीत फिरकला नाही, हे मी विसरलेली नाही. त्या दिवशी तुम्ही एका बाईला वाचवलंत. हे मी कुणासमोरही ताठ मानेनं सांगेन. पण त्याच दुपारी दुसरंही एक झालं, त्याला मी तरी काय करू?

वर्गातल्या बाकीच्या पोरींचं बरं होतं. कुणी दचकली की घरी अंगारा लावायचे, गळ्यात ताईत बांधायचे, आणि पोरगी दुसऱ्या दिवशी उंडारायला मोकळी. आपल्या घरात भूतच नव्हतं. मग माझी भीती ठेवायची कुठं? ती माझ्याजवळच राहिली. शाळेत दुपारच्या सुट्टीची घंटा झाली की माझे हात गार पडायचे, डबा तसाच घरी यायचा. तुमच्या नाही, पण आज्जीच्या लक्षात आलं. सगळ्या वस्तीची अक्काबाई ती, तिच्या नजरेतून काय सुटणार! एकदा तुम्ही मीटिंगला इंदापूरला गेला होतात, तेव्हा तिनं मला परसात नेलं, मूठभर मीठ, मोहऱ्या आणि दोन लाल मिरच्या माझ्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. ठसका उठेना, तशी म्हणाली, "बघ, केवढी दिष्ट लागली हुती माज्या लेकराला. बानं इचारलं तर सांग, आज्जी फोडनी देत हुती." स्वतःच्या हातानं घरचे टाक नदीत सोडलेली बाई! रागावू नका तात्या, पण मला आठ दिवस गाढ झोप लागली. मिठानं काही होत नसतं, ते मलाही कळतं, बी. फार्म. आहे मी. मला काहीतरी होतंय हे पहिल्यांदाच कुणीतरी मान्य केलं होतं. आणि नवव्या दिवशी मला वाटायला लागलं, मी तुमच्याशी गद्दारी केली. पुन्हा सगळं सुरू.

मोठेपणी ही भीती जाईल असं वाटलं होतं. कुठली जाते! पुण्यात कॉलेजला होते तेव्हा बाराचं लेक्चर मी तीन वर्षं बुडवलं. बारामतीला लग्न होऊन आले, दुकान उघडलं, तर बारा वाजायला आले की मी काहीतरी निमित्त काढून गोडाऊनमध्ये. तिथंही ती मागं येऊन बसायची. संघपालला मी पाच वर्षं अॅसिडिटी सांगितली. हार्ट अॅटॅक आला म्हणून तीन वेळा दवाखान्यात पळाले. तिसऱ्या वेळी ईसीजी काढणारी मुलगी म्हणाली, मॅडम, तुमचं हार्ट माझ्यापेक्षा भारी आहे. मी रडकुंडीला आले. हृदय बिघडलेलं निघालं असतं तर निदान तुम्हाला सांगता आलं असतं. आणि गंमत बघा, रोज आमच्या काउंटरवर लोक चार घड्या घातलेली चिठ्ठी दबक्या हातानं सरकवतात. ऊसवाले बागायतदार, प्राध्यापक, एमआयडीसीतली पोरं, एक तर चांगला पैलवान. सगळ्यांच्या त्याच, जीव घाबरा होतो त्यावरच्या गोळ्या. मी त्या खाकी पाकिटात घालून देते, बरं वाटेल हं म्हणते, आणि माझ्या स्वतःच्या चिठ्ठीसाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळून हडपसर गाठते. तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी दोन वर्षांपूर्वी चिंचेची गोष्ट पहिल्यांदा पूर्ण सांगितली. त्यांनी विचारलं, त्या वेळी जवळ कोण होतं? मी म्हणाले, चारशे माणसं. त्या म्हणाल्या, जवळ? 

गेल्या सप्टेंबरातली एक दुपार. संघपाल बँकेत गेलेला, दुकानात मी एकटी. बारा वाजून गेले होते. ती आली, माझ्या मागं बसली. इतक्या वर्षांत मी एकदाही मान वळवली नव्हती. तुमचा हुकूम होता ना! त्या दिवशी वळवली. दोन्ही हातांनी काउंटर घट्ट धरून, हळूहळू. मागं खोकल्याच्या बाटल्यांची रांग होती आणि मागच्या वर्षीचं कॅलेंडर, जे काढ काढ म्हणून मी संघपालच्या मागं लागले होते. मी तिथंच रडले, आणि मग मला हसू फुटलं. तुम्ही म्हणाल, झालं, गेली भीती! नाही गेली. परवाही आली होती. हल्ली मी तिला म्हणते, आलीस का बाई, बस. गिऱ्हाईकाला तापाच्या गोळ्या देता देता मनात म्हणते. ती दहा-पंधरा मिनिटं बसते आणि जाते. कॅनॉलच्या पुलावरून स्कूटी नेताना अजून माझ्या तळहातांना घाम फुटतो, आणि तरी मी मोनाला त्याच पुलावरून क्लासला सोडते. मी भित्री आहे, तात्या. हे वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली. आता लिहून झालंय आणि घराचं छप्पर जागेवर आहे. आत संघपाल घोरतोय, खुशाल.

सारजावहिनी भेटली होती, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. राहिलं म्हणजे मुद्दाम ठेवलं. जानेवारीत आम्ही भिगवणला पाण्यावर उतरलेले पक्षी दाखवायला मोनाला नेलं होतं. परत येताना हायवेच्या कडेला मासे खायला थांबलो, तर चुलीमागं ती. केस पांढरे, आवाज तोच, सगळ्या हॉटेलवर दरारा. मोनाला शेजारी बसवून काटे काढून चिलापी भरवली. मग हात पुसत मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या फ्राकाचं म्या आजून कुनाला बोलले न्हाय बरं." म्हणजे तिलाही आठवत होतं! मी म्हणाले, वहिनी, मी लई भ्याले होते हो. ती म्हणाली, "व्हय की, मला काय दिसलं न्हाय? भ्याली असून बसलीस, म्हनून तर मी आज हितं हाय." आणि नंतर, पैसे घ्यायला साफ नकार देता देता, तिनं सहज सांगितलं, "तुजा बाप त्या दिशी भिताडाआड उभा राहून भडाभडा वकत हुता. समदी तुज्याकडं बगत हुती, त्येच्याकडं मीच तेवढी बगत हुते. दोनदा तुज्याकडं पळत निगाला अन् दोनदा मागं फिरला."

 तात्या, हे तुम्ही कधी माईकवर का नाही सांगितलंत? माईक जाऊ द्या, मला का नाही सांगितलंत? रात्री-बेरात्री नव्हे, सणावारी नव्हे, कधीतरी ज्वारीला पाणी धरताना, नुसतं एवढंच, की पोरी, त्या दिवशी मीही भ्यालो होतो. मी माझ्या आत काहीतरी मोडकं आहे असं समजून जगले. तुमच्या, भानुदास गुरुजींच्या पोरीला जी भीती ठाऊकच नाही, ती माझ्याकडं कुठून आली, या कोड्यात माझी सगळी तरुणाई गेली. मी रागावलेय तुमच्यावर. खूप वर्षं रागावलेय, आज लिहूनच टाकते. आई अंथुर्ण्याहून आली आणि तिनं महिनाभर तुमच्याशी अबोला धरला, तो कशासाठी, हे मला आता कळतं. आणि खरं सांगू? फेट्यातल्या, टाळ्यांमधल्या तात्यांपेक्षा भिंतीआड उभ्या असलेल्या त्या माणसावर माझा जीव जास्त आहे. तुम्ही दोनदा निघालात हे कळलं, त्या दिवसापासून माझी झोप सुधारली आहे.

आता हे पत्र आजच का पुरं करतेय ते सांगते. काल दुपारी जेवायला घरी गेले तर मोना कुठंच दिसेना. हाका मारल्या, उत्तर नाही. बाथरूमचं दार आतून बंद, दिवा बंद. दार वाजवलं तर आतून म्हणते, थांब ना मम्मी, थोडंच राहिलंय. शेवटी उघडलं. पोरगी पालथ्या बादलीवर बसली होती, घामानं निथळलेली, हातात माझा जुना मोबाइल, त्यावर टायमर लावलेला. म्हणाली, "तेवीस मिनिटं झाली. काल पंधराच झाली होती. रविवारपर्यंत साठ होतील ना गं? नाही झाली तर आजोबांना वाईट वाटेल." आणि हसली. तात्या, ते हसू मी ओळखलं. मी तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसले आणि म्हणाले, मोने, मला भीती वाटते. तुझ्याएवढी होते तेव्हापासून वाटते, त्या चिंचेखालीही वाटली होती. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं विचारलं, "मग मला पण वाटली तर चालेल?" चालेल, म्हणाले. आम्ही दोघी तिथंच बसून पोटभर रडलो. रविवारी आम्ही तिघं येतोय, पण मोना चिंचेखाली बसणार नाही. हे विचारत नाहीये, सांगतेय. तुमचं नाव घेऊन कुणाचंच लेकरू तिथं बसणार नाही, हे दादासाहेबाला तुम्हीच सांगा. माझ्या हातात माईक दिलात तर मी सांगेन, की एक भ्यालेली मुलगी तासभर बसली होती, आणि तिच्या बापानं एका बाईचा मार थांबवला होता. नाही दिलात तरी मी येईन, पुढच्या रांगेत बसेन. फक्त हे सगळं तुम्ही पहिल्यांदा मांडवात, लोकांच्या गर्दीत ऐकू नये, घरात निवांत वाचावं, रागवायचं तर रागवावं, रडायचं तर रडावं, म्हणून आधी पाठवतेय. मी त्या दिवशी चारशे माणसांसमोर एकटी होते. तुम्हाला तसं ठेवायचं नाहीये मला.

तुमचीच भित्री लेक,
रश्मी